समुद्रदर्शनासह मासळीचे ताट

मालवण किनाऱ्यावरील मासळीच्या खानावळींचे दोन प्रकार पडतात: समुद्र दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्या. बांगडा दोन्हीकडे सारखाच ओल्या खोबऱ्याच्या वाटपात शिजतो. फरक पडतो तो दरात. १६६४ मध्ये कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ल्याचे बांधकाम सुरू झाले, तेव्हा तो पुढे सुरमईच्या थाळीचे तोंडीलावणे होईल, हे कोणाच्या ध्यानीमनी नसावे.

थाळीत तळलेली तुकडी, सार, भात, भाकरी किंवा चपाती, सुक्या जवळ्याची चटणी आणि सोलकढी असते. मोठ्या माशापुढे आकडा नसतो, ‘बाजारभावाप्रमाणे’ एवढेच असते. बाजार कोणता, हे बिल आल्यावर कळते. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ पडते. ते बाजूला काढायचे असते. पण घाटावरचा पाहुणा नेमके तेच चावतो, जीभ बधिर होते आणि नंतरची सारी वाहवा समुद्राच्या वाट्याला जाते. अर्थात काठावरचे टेबल तासभर थांबून मिळवणारे गिऱ्हाईक समुद्राकडे पाठ करूनच फोटो काढते. टेबलाखालच्या मांजराला दृश्याचे सोयरसुतक नसते. त्याचे सारे लक्ष काट्यांवर.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. या काळात सुरमई बर्फातून येते, मेनूकार्डावरचे ‘ताजी’ मात्र जागचे हलत नाही. बंदी उठण्याच्या सुमारास श्रावण पाळणारे मासे सोडतात, आणि काठावरचे टेबल मागताक्षणी मिळते.