गार्चिंगमध्ये बदकीण कशी बसवावी

साहित्य: खुडूक बदकीण एक, फलित अंडी दहा-बारा, कोरडा पेंढा आणि महिनाभर हात बांधून बसण्याची ताकद. यातली शेवटची वस्तू गार्चिंगमध्ये मिळत नाही. म्यूनिकहून येणाऱ्या यू-६ मेट्रोच्या शेवटच्या स्थानकावर उतरणारा जो तो काही ना काही मोजत असतो. कोणी न्यूट्रॉन, कोणी तारे. अंड्यांचं मात्र या गावाला जुनं वेड. १९५७ साली इथे जर्मनीतली पहिली अणुभट्टी सुरू झाली. घुमट अंड्यासारखा, म्हणून तिचं नाव पडलं ‘आटोमआय’, म्हणजे अणूचं अंडं. गावाच्या बोधचिन्हातही ते जाऊन बसलं. २००० साली भट्टी विझली, तोवर भोवती अख्खी संशोधननगरी उबून बाहेर पडली होती. तुम्हाला पिल्लं हवी आहेत, तेव्हा बेत जरा लहान ठेवा.

आधी जागा. भाड्याच्या फ्लॅटची बाल्कनी चालणार नाही, हे घरमालकाला विचारायच्या आधीच समजून घ्या. माझी सोय गावाच्या कडेला, डिर्निसमानिंगमधल्या एका आजींच्या परसात झाली. मग कागदपत्रं: जर्मनीत एकच बदक पाळलं तरी पशुवैद्यकीय कार्यालयात नोंद करावी लागते. इसार नदीच्या काठी रानबदकांची घरटी दिसतील. ती फुकट आहेत असं समजू नका. तिथल्या अंड्याला हात लावणं गुन्हा आहे.

आता जात निवडा. नवशिक्या मराठी माणूस इथे हमखास फसतो. ‘इंडिशे लाउफएन्टे’, म्हणजे ‘भारतीय धावरी बदकं’, ही पाटी वाचून ऊर भरून येतो: आपल्याकडची! ती आपल्याकडची नाहीत, मूळची इंडोनेशियाकडची. बाटलीसारखी उभी राहतात, दिवसभर पळतात, बागेतल्या गोगलगायी फस्त करतात. अंडी भरपूर घालतात आणि वाटेल तिथे टाकून पुढे जातात. बसणं त्यांच्या स्वभावात फारसं नाही. पांढरी पेकिनही त्याच वळणाची. बसायला मस्कोव्ही बरी. तोंडावर लाल चामखिळी, रूप यथातथाच, पण एकदा बसली की बसली. शिवाय ती क्वाक-क्वाक करत नाही, नुसती फुसफुसते. जर्मनीत रविवारी शांतता पाळायची असते, तिथे हा गुण सोन्याच्या मोलाचा.

बदकीण खुडूक झाली हे ओळखायला उपकरण लागत नाही. ती पेंढ्यात चपाती होऊन पडते, छातीची मऊ पिसं उपटून घरट्यात अंथरते आणि तुम्ही जवळ गेलात की नागिणीसारखी फुसकारते. हात पुढे करून खात्री करू नका. मी केली होती.

रोज एक अंडं जमतं. ती बसण्याआधी अंडी थंडच राहतात, आत काही घडत नाही, म्हणूनच इतक्या दिवसांत साठलेली सगळी अंडी एकदम फुटतात. ही युक्ती कळल्यावर मी थक्क झालो आणि लगेच एक्सेलची फाईल उघडली. तुम्ही उघडू नका. मी घरट्यात दोन तापमापक ठेवले. एक तिने चोचीने बाहेर ढकलला, दुसऱ्यावर बसली. साडेसदतीस अंशांच्या आसपासची ऊब तिला माझ्याशिवाय ठाऊक होती, अंडी फिरवणंही. आईने व्हिडिओ कॉलवर सांगितलं, “पेंढ्यात लोखंडाचा तुकडा ठेव, गडगडाटाने अंडी बाधतात.” मी हसलो. पण एक जुना बोल्ट ठेवला. तो तिने चालवून घेतला.

दिवसातून एकदा ती उठते, अंडी पिसांनी झाकते, खाते, पाण्यात डुंबते आणि दिवसभराचं साठलेलं एकदम टाकते. त्या वासाबद्दल कुठलंच पुस्तक पुरेसं बोलत नाही. वाऱ्याची दिशा पाहून उभे राहा. ओल्या पिसांनी परत येऊन बसते, म्हणून अंड्यांवर पाणी शिंपडायचं तुमचं कामही वाचतं.

सातव्या रात्री एक परवानगी आहे. ती डुंबायला गेली की मोबाइलच्या टॉर्चवर अंडं धरा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर ठीक. स्वच्छ पिवळं दिसलं तर ते ऑम्लेटही नाही आणि पिल्लूही नाही. आत्ताच काढा, नाहीतर सडून फुटतं.

पुढची पायरी माझ्या चुकीची. बदकाची अंडी २८ दिवसांत फुटतात, हे वाचून मी २८ व्या दिवसाची रजा टाकली. स्टूल घेऊन बसलो. पिल्लू जन्मल्यावर पहिलं जे हलतं त्याच्यामागे लागतं. प्राणिवर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांना १९७३ मध्ये नोबेल मिळालं ते अशाच कामांसाठी, आणि त्यांची संस्था याच बव्हेरियात होती. मला वाटलं, त्यांची पहिली नजर माझ्यावर पडावी. काहीच घडलं नाही. एकोणतिसावा, तिसावा. एकतिसाव्या दिवशी मी अंडी टाकून द्यायला टोपली आणली. आजी कुंपणाजवळून म्हणाल्या, “ही कोणती बदकीण आहे, विसरलास का?” मस्कोव्हीला ३५ दिवस लागतात.

पस्तिसाव्या दिवशी मी ऑफिसात मीटिंगमध्ये होतो. संध्याकाळी पोचलो तेव्हा अकरातली नऊ फुटली होती. पिल्लं आईच्या पंखाखालून माझ्याकडे बघत होती, फारशा आस्थेने नाही. पहिले एक-दोन दिवस त्यांना खायला घालायची घाई करू नका. पोटात बलकाचा डबा बांधून आलेली असतात. कवचात अडकलेल्याला सोडवायलाही जाऊ नका, पहिल्या भोकापासून बाहेर पडायला दीड-दोन दिवस लागू शकतात.

रात्री माझ्या आईला व्हिडिओ कॉलवर पिल्लं दाखवली. तिने मोजली, पुन्हा मोजली.

“तिकडे कोल्हे आहेत का रे?”

“आहेत.”

“मग बोलत काय बसलास? दार लाव.”