मिस्त्रींच्या कानावर भरवसा ठेवण्याची रीतसर पद्धत

दापोडीत एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. त्यामुळे इंजिनाची नाडी बघणाऱ्यांचा इथे तोटा नाही. आपली मोटारसायकल खटखट करू लागली की अशाच एखाद्या मुरलेल्या मिस्त्रींकडे न्यावी. ते स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवतात, मूठ कानाला लावतात, डोळे मिटतात आणि सांगतात, "टायमिंग चेन ढिली झालीय."

इथे 'कशावरून?' विचारू नये. हे पहिलं पथ्य. "आवाजच सांगतोय ना साहेब," यापलीकडे त्यांच्यापाशी पुरावा नसतो. तरी त्यांना कळलेलं असतं. ॲल्विन गोल्डमन या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९७९च्या निबंधात अशा कानाला तात्त्विक आधार दिला. समजूत ज्या वाटेने आली, ती वाट बहुतेक वेळा खऱ्यापाशी नेत असेल, तर समजूत योग्य. कारणं पाठ असायलाच हवीत असं नाही.

तेव्हा चौकशी मिस्त्रींकडे नको, शेजारच्या चहावाल्याकडे करावी: यांचं दहात किती वेळा बरोबर निघतं? 'नऊ' म्हणाला तर गाडी ठेवून जावं.

गॅरेजातल्या पोऱ्याला मात्र विचारू नये. तो येईल त्या गाडीला 'क्लचप्लेट गेली' म्हणतो, आणि कधीतरी ती खरंच गेलेली असते. बर्ट्रंड रसेलच्या बंद घड्याळाची ही जात: बरोबर वेळी बघितलं तर वेळ जुळते, कळत नाही.

आता अवघड जागा. दहात नऊ, पण कशाच्या दहात? मिस्त्रींच्या कानाच्या, की लोकल धडधडत जात असताना स्कूटर ऐकणाऱ्या मिस्त्रींच्या कानाच्या? गट बदलला की टक्का बदलतो. यावर तत्त्वज्ञांचं भांडण अजून मिटलेलं नाही. आपण लोकल जाईपर्यंत थांबावं.

शेवटची तपासणी आपल्याकडची, जुनी. न्यायदर्शनाचे अनुयायी, नैयायिक, म्हणतात, ज्ञानाचा खरेपणा बाहेरून ठरतो. त्यावर विसंबून वागावं आणि काम फत्ते होतं का बघावं. म्हणून चेन बदलल्यावर हॅरिस पुलावरून बोपोडीपर्यंत चक्कर मारून यावं. विरोधी पंथातल्या मीमांसकांच्या मते ज्ञान खोटं ठरेपर्यंत आपोआपच प्रमाण असतं. त्या पंथाच्या गिऱ्हाइकांनी थेट घर गाठावं.

मिस्त्री स्वतः मीमांसक आहेत. पैसे चकरेच्या आधी घेतात.