बैलाला कळणारा चढ

काष्टीहून श्रीगोंद्याकडे जाणारा रस्ता सपाट आहे, असे चौकात कुणालाही विचारले तरी सांगतात. मोटारवाला सांगतो, फटफटीवाला सांगतो, उसाच्या दोन ट्रॉल्या मागे जोडून गाणी वाजवत निघालेला ट्रॅक्टरवालाही तेच सांगतो. डोळ्यांना विचाराल तर तेही त्यांच्याच बाजूचे. क्षितिजापर्यंत ऊस, मध्येच एखादी लिंबोणीची बाग, विजेच्या तारांवर बसलेले कोतवाल पक्षी, आणि या सगळ्याखाली परीटघडीच्या चादरीसारखी अंथरलेली जमीन. सायकलवर बसलेल्या माणसाचे गुडघे तेवढे या एकमतात सामील होत नाहीत. थोड्या वेळाने श्वास त्यांच्या बाजूला जातो. मग आपण उतरून मागचे चाक हवा गेली का म्हणून दाबून पाहतो. हवा असते. ब्रेक घासतोय का पाहतो. घासत नसतो. तेव्हा कुठे मान वर करून रस्त्याकडे पाहावे, तर तो अजूनही सपाटच दिसत असतो, आणि आपल्याकडे थोडे कुतूहलाने पाहत असतो.

याचे कारण तसे सरळ आहे. भीमाशंकरच्या डोंगरातून निघालेली भीमा इथे येईपर्यंत डोंगराची घाई विसरलेली असते. दौंडच्या वरच्या अंगाला घोड नदी तिला मिळते आणि पुढे पुणे आणि अहिल्यानगर या दोन जिल्ह्यांची हद्द सांभाळत ती वळणे घेत राहते. साऱ्या शिवारातले ओढे तिच्याकडे निघालेले असतात. म्हणून नदीला सोबत करत जाणारा रस्ता नदीसारखा सपाट कधीच नसतो. त्याला वाटेतला प्रत्येक ओढा ओलांडावा लागतो, आणि ओढा म्हणजे एक उतार नि एक चढ. उतार क्षणात संपतो, चढ मात्र मुक्कामाला आल्यासारखा वागतो. नदीच्या खोऱ्यात फिरायचे म्हणजे काठाकाठाने, पाण्याकडे बघत जायचे असे ज्याच्या मनात असेल, त्याला इथे नदी फारशी भेटतच नाही. पुराच्या भयाने आणि काळ्या मातीच्या चिखलाने जुने रस्ते नदीपासून चार हात दूरच राहिले. निमगाव खलू, अजनुज, पेडगाव अशा गावांत शिरावे, देवळापर्यंत जावे, मग घाटाशी नदी दिसते. तिला पाहून झाले की आलेल्या वाटेने मागे फिरायचे, आणि ती वाट परतीला नेमकी चढाची असते.

उताराची खरी पारख आणखी दोघांना असते. एक रेल्वे. दौंड-मनमाड मार्ग १८७८ मध्ये सुरू झाला. वाफेच्या इंजिनाला झेपेल असा चढ शोधत त्या काळचे इंजिनियर या रानातून कसे फिरले असतील, हे रुळांशेजारून सायकल हाकताना कळू लागते. आपण धापा टाकत ओढ्यातून वर येतो, तर रूळ भरावावरून आपल्या डोक्यावरून समतल निघून गेलेले असतात. दुसरा कालवा. पाणी आपल्या पायांनी चालत गेले पाहिजे, एवढाच उतार कालव्याला देतात; म्हणून भरावावरची वाट म्हणजे या मुलखातली खरीखुरी सपाटी. तिच्यावर सायकल घालावी, स्वतःला फार मोठे सायकलपटू समजावे, आणि फर्लांगभर गेल्यावर वेड्या बाभळीचा काटा चाकात घुसवून घ्यावा. पंक्चरवाला घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब फिरवतो, बुडबुड्यांवर बोट ठेवतो, आणि ती करंगळीएवढी ट्यूब उचलून गिऱ्हाइकांना दाखवतो. माझ्या सायकलच्या बारीक वॉल्व्हला त्याचा पंप लागत नाही. तो माझाच हातपंप मागून घेतो, हवा भरतो, आणि विचारतो, "एवढ्याशा टायरवर उसाची एक मोळी तरी येईल का?"

येणार नाही, हे मलाही ठाऊक असते. काष्टीत चाकाची किंमत त्यावर काय लादता येते यावरून ठरते. इथला शनिवारचा जनावरांचा बाजार लांबवर नावाजलेला. गाई, म्हशी, खिलारी बैल, त्यांच्या शिंगांना लावलेला रंग, गळ्यातल्या घुंगरमाळा, चहाच्या टपऱ्या, आणि रुमालाखाली हात घालून बोटांच्या भाषेत बोलणारे, चेहऱ्यावर मात्र जावयाचे पत्र वाचल्यासारखा भाव ठेवणारे दोन गृहस्थ. त्या गर्दीत मी सायकल लिंबाला टेकवली की तिच्याभोवतीही पाचसहा जाणकार जमतात. एकजण ती एका हाताने उचलतो आणि "वजनच न्हाई हिला" म्हणून खाली ठेवतो. दुसरा तिच्या खांद्यावरून, म्हणजे दांडीवरून, हात फिरवतो. बैलाचे वय दातांवरून सांगतात. दुधाचे दात असले तर आदत, मग दोन दाती, चार दाती, सहा दाती, आणि सगळे दात आले की जुळलेला. एका चुणचुणीत पोराने पायडलच्या मोठ्या चक्राचे दात मोजायला घेतले. ते पन्नास निघाले. "पन्नास!" त्याचा आजा म्हणाला, "म्हंजी हे जनावर जुळून कवाच गेलंय. कुणी इकलं हो तुम्हाला?" किंमत विचारली तेव्हा मी ती निम्मी करून सांगितली; तरी दोनतीन पागोटी एकदम हलली.

त्या दिवशी मी त्या आजोबांना पेडगावच्या रस्त्याचे विचारले. इतरांनी "काय न्हाई, सरळच हाय" सांगून टाकले होते. आजोबांनी डोळे मिटले. जणू त्या वाटेने मनातल्या मनात गाडी हाकली, आणि म्हणाले, "वढ्यापर्यंत बैल आपसूक जातो. वढ्यातून वर येताना मान खाली घालतो. मग बाभळीपाशी थांबतो. तुमी बी तिथंच थांबाल." मी तिथेच थांबलो. बाभूळ आता नव्हती. तिच्या जागी मोबाईलचा मनोरा होता. पण छातीने थांब म्हटले ते बरोबर त्या ठिकाणी.

माझ्या आजोळी सर्जा नि राजा नावाचे बैल होते. (कुणाच्या आजोळी नव्हते?) पण मी पैसे मोजून तासाच्या बोलीने सायकल भाड्याने घेई आणि पाय पुरत नाहीत म्हणून दांडीखालून पाय घालून कैचीत चालवी. सायकल तिरपी, मी तिच्या उलट तिरपा, आणि तास संपायच्या आत परतायचे या धास्तीने सारे जग तिसऱ्याच बाजूला तिरपे. त्या वयात बैलांकडे पाहायला वेळ नव्हता. मामा मात्र विहिरीवर मोट चालवत असे, ते आठवते. मोटेची धाव, म्हणजे बैलांची येण्याजाण्याची वाट, उतरती असते. भरलेली मोट वर ओढताना बैल उतारावरून खाली जातात, त्यांचे स्वतःचे वजनही ओढीला लागते. मोट रिकामी झाली की उलट्या पावलांनी हळूहळू चढावर येतात. म्हणजे काम उतारावर आणि विसावा चढावर. हे गणित ज्याने पहिल्यांदा मांडले त्याला सायकलही शोधायला सांगायला हवी होती. साहेबांनी ती शोधली आणि सगळे उलटे करून ठेवले.

पेडगावला पोचलो की हे गणित मोठ्या अक्षरात दिसते. बहादूरगडाच्या, म्हणजे आता धर्मवीरगडाच्या, तटाशी नदीच्या बाजूला हत्तीमोटेचे बांधकाम आहे. भीमेचे पाणी किल्ल्यात घ्यायला बैल पुरेना म्हणून हत्ती जुंपत, असे सांगतात. जवळच यादवकाळातले लक्ष्मीनारायणाचे देऊळ, त्यावरच्या मूर्ती इतक्या तल्लीन की त्यांना माझ्या घामाशी देणेघेणे नसते. १६८९ मध्ये कैद झालेल्या छत्रपती संभाजी महाराजांना मोगलांनी याच किल्ल्यात आणले होते. त्या आवारात सायकल हातात धरूनच चालावी.

पुढे सिद्धटेक. अष्टविनायकांपैकी उजव्या सोंडेचा एकटा गणपती, भीमेच्या उत्तर तीरावर. पूर्वी दौंडकडून येणारा शिरापूरला उतरून होडीने नदी ओलांडी. आता पूल आहे, आणि पुलामुळे सायकलवाल्याला एक चांगला चढ फुकट मिळाला आहे. देऊळ टेकडीवर, त्यामुळे प्रदक्षिणा घालायची तर सगळ्या टेकडीलाच घालावी लागते. सरदार हरिपंत फडक्यांची सेनापतीची जागा गेली तेव्हा त्यांनी इथे एकवीस दिवस रोज एकवीस प्रदक्षिणा घातल्या आणि जागा परत मिळवली, अशी कथा आहे. देवळाचा गाभारा अहिल्यादेवी होळकरांनी बांधला. हरिपंतांच्या चिकाटीचे मला खरे कौतुक वाटते, कारण सायकलस्वारांतही तशी जमात असते. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे, वाटेत ठरल्या ठिकाणी शिक्का घ्यायचा, आणि शेवटी आपण निघालो होतो तिथेच पोचायचे, याला ब्रेव्हे म्हणतात. हरिपंतांना निदान सेनापतिपद तरी मिळाले होते.

घाटाच्या पायरीवर सायकल आडवी ठेवून बसलो होतो. पाणी पिवळसर, संथ, एका म्हशीच्या पाठीवर बगळा. शेजारी एक शेतकरी येऊन टेकला. त्याने सायकल पाहिली, मला पाहिले, आणि ठरलेला प्रश्न विचारला. या खेपेला देवाच्या दारात होतो म्हणून खरी किंमत सांगितली.

"एवढ्यात खिलारी खोंड आला असता की, पाव्हणं."

"पण त्याला चारा लागतो, पेंड लागते, रात्री उठून दावं बघावं लागतं. हिला काही लागत नाही," मी म्हणालो.

"हिला लागत न्हाई," त्याने मान्य केले. "पण वढता तर तुमी. तुमाला काय लागतं?"

मी पाठीच्या खिशातून शेंगदाण्याची चिक्की काढून त्याच्या हातावर ठेवली. त्याने ती उलटीपालटी करून पाहिली, एक कोपरा मोडून तोंडात टाकला, आणि बाजारात बैल पाहतात तशा नजरेने माझ्या पोटऱ्यांकडे बघत म्हणाला, "पेंड बरी हाय. रोज देता का?"