दर्शनसातत्यमीमांसा

माणूस दिसेनासा झाला की तो आहे की नाही, असा प्रश्न पूर्वी दोनच ठिकाणी पडत असे. एक पोलीस ठाण्यात आणि दुसरा पेन्शन देणाऱ्या बँकेत. पैकी बँकेने या प्रश्नाची शास्त्रशुद्ध वासलात लावून ठेवली आहे. निवृत्त माणसाने नोव्हेंबरात हयातीचा दाखला दिला की तो पुढल्या नोव्हेंबरापर्यंत जिवंत. २०१४ च्या नोव्हेंबरात ‘जीवन प्रमाण’ सुरू झाल्यापासून तर रांगेत जिवंत उभे राहण्याचीही सक्ती उरली नाही. यंत्रावर बोट टेकवले की अस्तित्व सिद्ध. सरकारसारखे संशयी दफ्तर वर्षातून एकदा एवढ्यावर समाधान मानते. मामेभावंडांचा ग्रुप मानत नाही. तिथे दाखला रोज लागतो, सकाळी साडेसातच्या आत, आणि शक्यतो गुलाबासह.

या दाखल्यात खंड पडण्याचे हंगाम दोन. धामधुमीत हात रिकामे नसतात. आरामात हात रिकामे असतात पण दाखवायला काही नसते, कारण लोळणाऱ्या माणसाचा फोटो फार तर एकदा खपतो. दिवाळीत हे दोन्ही हंगाम एकाच घरात एकाच वेळी येतात. त्यातला कोणता कोणाच्या वाट्याला येतो, हे वाचकांच्या पत्नींना ठाऊक आहेच. अशा काळात दिसत कसे राहावे याचे कोर्स बाजारात उदंड आहेत, शास्त्र नाही. ती उणीव येथे भरून काढायची आहे.

पूर्वपक्ष असा येतो की, न दिसणे म्हणजे काही नसणे. जे नाहीच त्याची मीमांसा कसली? हा आक्षेप अडाणीपणाचा आहे. आपल्याकडच्या शास्त्रकारांनी जगातल्या यच्चयावत गोष्टी सात पदार्थांत बसवल्या आणि सातवे आसन ‘अभावा’ला सन्मानाने दिले. जमिनीवर घडा नाही, हे आपल्याला कळते कसे, यावर नैयायिक आणि भाट्ट मीमांसक पिढ्यानपिढ्या भांडले. नैयायिक म्हणाले, घड्याचे नसणे डोळ्यांनीच दिसते. कुमारिल भट्टांच्या बाजूने त्यासाठी ‘अनुपलब्धि’ नावाचे स्वतंत्र प्रमाण उभे केले. ‘घडा नाही तर नाही, जाऊ द्या’ असे दोघांपैकी कोणीही म्हटले नाही, यातच त्यांचे मोठेपण आहे.

सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टांचा ‘तर्कसंग्रह’ अभावाचे चार प्रकार सांगतो आणि ते चारही आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आढळतात. प्रागभावाला सुरुवात नसते, शेवट असतो. पहिल्या मजल्यावरच्या काकांनी स्मार्टफोन घेण्यापूर्वीचा काळ या सदरात मोडतो. तो कधी सुरू झाला सांगता येत नाही, पण संपला तो दिवस सर्वांच्या लक्षात आहे. प्रध्वंसाभावाला सुरुवात असते, शेवट नसतो. पार्किंगच्या वादात ‘लेफ्ट’ झालेली मंडळी तिथे. अत्यंताभाव म्हणजे तिन्ही काळी नसणे, उदाहरणार्थ मेंटेनन्सच्या हिशेबाबद्दल विचारले असता सेक्रेटरींचे उत्तर. आणि घडा हा पट नव्हे, हा जो अन्योन्याभाव, तो प्रत्येक डीपीत असतो. डीपीत नातू आहे, कमळ आहे, किल्ला आहे. मालक नाही.

एवढ्या मोठ्या परंपरेतून निसटला तो पाचवा प्रकार. माणूस आहे, फोन आहे, नेट आहे, आणि वसुबारस ते भाऊबीज एक पोस्ट नाही. यास आम्ही ‘हंगामी अभाव’ म्हणतो. याचे लक्षण असे की तो असलेल्या माणसाला कधीच जाणवत नाही. भाऊबीज उलटल्यावर भाजीच्या गाडीपाशी कोणीतरी ‘काय, हल्ली दिसत नाही कुठे’ म्हणतो, तेव्हा कळते. विचारणारा दोन हातांच्या अंतरावर उभा असतो आणि समोरच्याला पाहतही असतो, ही बाब गौण.

या अभावावरचा पहिला इलाज व्हॉट्सॲपने जन्मतःच आणला होता. २००९ साली यान कूमने हे ॲप काढले तेव्हा निरोप पाठवणे हा हेतूच नव्हता. फोनबुकातल्या नावापुढे त्या माणसाची सद्यस्थिती दिसावी, एवढीच मूळ कल्पना. निरोप मागाहून आले. तयार सद्यस्थितींत कामात आहे, झोपलो आहे, बॅटरी संपत आली आहे, अशा मानवी जीवनाच्या सर्व अवस्था होत्या. आमच्या परिचयाच्या एका निवृत्त अभियंत्यांनी पहिल्याच दिवशी बॅटरीची अवस्था निवडली. पुढे त्यांनी फोन बदलले, गाव बदलले, मुलीचे लग्न केले, बॅटरी अजून संपतच आली आहे. मात्र २०१७ च्या फेब्रुवारीत चोवीस तासांनी पुसले जाणारे स्टेटस आले आणि ही निवांत व्यवस्था मोडली. तेव्हापासून माणूस रोज मावळतो आणि त्याला रोज उगवावे लागते.

विश्रांतीच्या हंगामातही दिसत राहण्याचा सर्वोच्च दाखला पंढरपूरचा. आषाढ शुद्ध एकादशी ही शयनी एकादशी. त्या दिवशी विष्णू झोपी जातो तो कार्तिकातल्या प्रबोधिनीलाच उठतो, अशी शास्त्राची व्यवस्था. चार महिन्यांची मंजूर रजा. आता रजेच्या पहिल्याच दिवशी दारात लाखो माणसे आली, तर एखाद्या कचेरीने काय केले असते? पाटी लावली असती. पंढरपुरात उलट होते. आषाढी जवळ आली की शेजघरातून देवाचा पलंगच काढतात. नित्याचे उपचार थांबतात, शेजारती नाही, झोप नाही, चोवीस तास दर्शन. उभे राहून पाठ भरते म्हणून विठ्ठलाला लोड देतात, रुक्मिणीला तक्क्या. गर्दी ओसरली की प्रक्षाळपूजा होते, गरम पाण्याचे स्नान होते आणि शिणवटा जावा म्हणून देवाला काढा देतात. झोपायला निघालेल्याची खाट काढून घेणे आणि मग त्याला काढा पाजणे, यापेक्षा प्रेमळ वागणूक आम्ही कुठे वाचलेली नाही. कार्तिकीला पुन्हा हाच क्रम. म्हणजे रजा संपल्याच्या दिवशीही पलंग नाही.

या व्यवस्थेत एक गोष्ट ठळक आहे. देव स्वतः उभा राहतो. आधी काढून ठेवलेले दर्शन लावून तो आत निजत नाही.

मर्त्य माणसाला मात्र ती मुभा आहे. वैशाखात कुरडया घालून आषाढात तळणाऱ्या समाजाला पोस्टची बेगमी कोणी शिकवावी लागत नाही. आमच्या आळीत फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या एक ताई आहेत. ऐन दिवाळीत त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजणीत असतात आणि पिठाच्या बोटाला फोन ओळख देत नाही. म्हणजे गिऱ्हाइकांनी पाहायला हवे त्याच आठवड्यात दाखवायला सवड नाही. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा या शास्त्रातला मैलाचा दगड आहे. पितृपक्षात ऑर्डरी नसतात. तेव्हा एक घाणा चकल्यांचा काढायचा, सोऱ्या पुसून चकचकीत करायचा, पणत्या मांडायच्या आणि सहाही दिवस एका दुपारी चित्रित करायचे. नरकचतुर्दशीची पहाट त्या दुपारी तीन वाजता पडदे ओढून आणतात. पुतण्याला उटणे लावतात आणि दर दिवसाला त्याचा सदरा बदलतात. बाहेर भाद्रपदाचा पाऊस कोसळतो, तो ऐकू येऊ नये म्हणून वर सनई. एकदा धनत्रयोदशीच्या रीलखाली कोणीतरी ‘ताई, खिडकीत छत्री वाळतेय’ असे लिहिले. ताईंनी त्याला हात जोडल्याचे चिन्ह पाठवले. अनारशाचा तांदूळ तीन दिवस भिजतो आणि त्याची रील अर्ध्या मिनिटात संपते, हे गणित ज्याला कळले त्याला ही छत्री खटकणार नाही. आमच्या मते तोच खरा पुरावा. छत्री दिसली म्हणजे बाई खरेच कामात होती.

या शास्त्राचा सर्वांत मोठा प्रयोग मात्र कोणी न योजता झाला. मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली. कारभार प्रशासकांकडे गेला आणि निवडणूक २०२६ च्या जानेवारीत झाली. मधला काळ जवळजवळ चार वर्षांचा. या काळात ‘इच्छुक’ या वर्गाला पद नव्हते, प्रचार नव्हता, तारीखही नव्हती, फक्त इच्छा होती. ती विझू न देण्यासाठी त्यांनी पंचांग आणि संयुक्त राष्ट्रसंघ या दोन्हींचा आधार घेतला. जयंत्या, पुण्यतिथ्या, संकष्ट्या, पर्यावरण दिन, योग दिन, असे करत वर्षातला एकही दिवस शुभेच्छांवाचून गेला नाही. या साहित्याचे रचनातंत्र स्थिर आहे. वर वरिष्ठ नेते नाण्यांएवढे, डाव्या अंगाला ज्यांची जयंती ते महापुरुष, आणि उजवीकडे हात जोडलेले इच्छुक, आकाराने त्या दोघांच्या बेरजेइतके. साचा एकच असल्याने पुण्यतिथीच्याही हार्दिक शुभेच्छा जात. त्याबद्दल इच्छुकांना दोष देऊ नये. ते दिसत होते, वाचत नव्हते.

मग आरक्षणाची सोडत निघाली. वर्षानुवर्षे जपलेला प्रभाग एका चिठ्ठीने महिलांसाठी राखीव झाला, आणि दुसऱ्या दिवशीच्या शुभेच्छांत उजव्या अंगाला सौभाग्यवती हात जोडून उभ्या राहिल्या. इच्छुक कोपऱ्यात, नाण्याएवढे. ज्या वहिनींना प्रभागाने कधी भाजी घेतानाही पाहिले नव्हते, त्या रातोरात जनतेच्या हक्काच्या झाल्या. प्रागभावाचा इतका झटपट शेवट अन्नंभट्टांनीही कल्पिला नसेल.

सुटी जाहीर करणाऱ्यांविषयी थोडक्यात. ‘काही दिवस या माध्यमापासून दूर जात आहे’ अशी पोस्ट टाकणारा पुढचे दोन दिवस ‘काय झालं?’, ‘तब्येत बरी ना?’, ‘कोणी काही बोललं का?’ यांची उत्तरे देण्यात घालवतो आणि एरवीपेक्षा जास्त दिसतो. पूर्वी मराठी लेखकाची याहून बरी सोय होती. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून वर्षातून एकदा अंकात दिसायचे आणि उरलेले अकरा महिने खुशाल नोकरी करायची, हे मान्य होते. आता त्याच लेखकाला कथा स्वीकारली गेल्याचे, मुखपृष्ठ आल्याचे, अंक हाती पडल्याचे आणि शेजारच्या बाईंना कथा आवडल्याचे वेगवेगळे कळवावे लागते. कथा लिहिण्याला त्यामानाने वेळ कमी लागतो.

आता शुभप्रभाती चित्रांकडे वळू. २०१८ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने छापले की भारतीयांच्या शुभसकाळींनी फोन तुंबत आहेत. बातमीदाराला हयातीचा दाखला ही संस्था ठाऊक नसावी, म्हणून त्याने तिला फाजील साठा मानले. कोल्हापूरच्या आत्याचे फूल आठ वाजेपर्यंत आले नाही, तर न्यू जर्सीत भाची निजायची थांबते आणि फोन लावते. ‘आत्या, बरी आहेस ना?’ ‘अगं, रिचार्ज संपलावता.’ यात साठवण्याजोगे काही नाही, हे खरे. पण ते फूल न पाहता पुसले तरी त्याचे काम झालेले असते. येऊन पोचणे एवढेच ते काम.

शेवटी एका सैद्धांतिक पेचाची नोंद करणे भाग आहे. पेन्शनच्या दफ्तरात, माणूस जिवंत असल्याचा पुरावा आला नाही तर पैसे थांबतात. फेसबुकवर नेमके उलटे आहे. तिथे खाते स्मृतिखाते करायचे तर माणूस गेल्याचा पुरावा कोणीतरी द्यावा लागतो, तोवर तो हयातच. तेरावे उरकण्याच्या गडबडीत हा अर्ज बहुतेक घरांत राहून जातो. मग दरवर्षी ठरल्या तारखेला फेसबुक सर्वांना वाढदिवसाची आठवण करते आणि भिंतीवर ‘शतायुषी व्हा’, ‘पार्टी कधी?’ असे संदेश जमतात. लिहिणाऱ्यांत अंत्ययात्रेला खांदा दिलेलेही असतात. या शुभेच्छांना आभार कोणी मानायचे, मुलाने की सुनेने, याविषयी शास्त्रात एकवाक्यता नाही. आमच्या पाहण्यात सून प्रत्येकाला एकेक अंगठा देते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्यांच्याच नंबरवरून ग्रुपवर गुलाब पाठवते, कारण त्या नंबरचे रिचार्ज अजून चार महिने बाकी आहे.