आरसा गेला, बॅग भरली

कॅमेऱ्यातला आरसा काढला तो वजन उतरवायला. २००८ साली पॅनासॉनिकचा लुमिक्स जी१ आला तेव्हा हाच डंका पिटला गेला. आरसा गेला, बॅगेत जादा बॅटऱ्या आणि अडॅप्टर आले. आता डोळ्याला लावायची खिडकीसुद्धा विजेवर चालते ना! निकॉनचा आरसा असलेला डी७५० एका चार्जवर १२३० फोटो काढायचा. सोनीचा पहिला फुलफ्रेम मिररलेस ए७ साडेतीनशेच्या आतच मान टाकायचा. (आता सुधारलंय म्हणे. बॅटरी मोठी केली, म्हणजे वजन परत आलं.)

शिवाय माउंट, म्हणजे लेन्स बॉडीला जिथे बसते ती जागा. कॅननच्या ईएफ-एम लेन्स कॅननच्याच आरएफ बॉडीवर बसत नाहीत. निकॉन १ ही मिररलेस मालिका तर २०११ मध्ये जन्मली, २०१८ मध्ये गेली.

आरसा असलेली जुनी बॉडी कुणी कंटाळून विकत असाल, तर आधी मला कळवा.