गुरुजींची रेंज

माझा मोबाइल नंबर मला अजून धड पाठ नाही. बाकी टेंभुर्णीला आहे. त्याचं असं झालं, की निवृत्तीच्या पैशातून मी एक जुनी ट्रॉली घेतली. पेंटरनं मागच्या फळीवर 'ऊस वाहतूक' लिहिलं, दोन्ही बाजूंना मोर काढले, तरी मधे जागा उरली. पेंटर माझाच विद्यार्थी. 'रिकाम्या जागा भरा' हा प्रश्न मी त्याला चार वर्षं घातला होता, तो त्यानं असा उशिरा सोडवला. वीतभर उंचीचे दहा आकडे, पिवळ्याधमक रंगात. ती ट्रॉली हंगामभर पुणे-सोलापूर हायवेवरून बैलगाडीला लाजवेल अशा वेगानं चालते, आणि मागे अडकलेल्या गाडीवाल्याला दुसरं काही वाचायला नसतं. काही जण नंबर पाठ झाल्यावर फोन करून शिव्या देतात. त्यांचा उच्चार स्पष्ट असतो.

आधार कार्डाचंही तसंच. सोसायटीला झेरॉक्स, पीक विम्याला झेरॉक्स, पीएम किसानला झेरॉक्स, ठिबकच्या अनुदानाला तीन झेरॉक्स. एकदा चौकात भजी घेतली. शेवटचं भजं उचलल्यावर कागदावर तेलातून एक चेहरा वर येताना दिसला. ओळखीचा वाटला. माझाच होता. जन्मतारखेवर मिरचीचा देठ पडलेला. मी तो कागद घडी करून खिशात घातला आणि घरी आणून चुलीत टाकला. माहितीची सुरक्षा म्हणून तोवर मी एवढंच काय ते केलेलं.

पुतण्या हिंजवडीत असतो. दिवाळीला आला तेव्हा त्याला मी हा भज्यांचा किस्सा हसत सांगितला. तो हसला नाही.

"तात्या, सिम स्वॅप माहितीये का?"

मग त्यानं माहीमच्या एका व्यापाऱ्याची गोष्ट सांगितली. डिसेंबर २०१८. रात्री फोनवर सहा मिस्ड कॉल आले, त्यातला एक परदेशी नंबरावरून. सकाळी उठून बघतो तर सिम मेलेलं. कंपनी म्हणाली, तुम्हीच काल रात्री नवं सिम मागितलंत. तोवर खात्यातून २८ वेळा पैसे निघून १४ खात्यांत गेले होते. १ कोटी ८६ लाख. त्यातले वीसेक लाख तेवढे थांबवता आले.

"पण ओटीपी दिलाच कशाला त्यानं?" मी विचारलं.

"दिलाच नाही. तेच तर."

मला हे समजायला शाळेत जावं लागलं. म्हणजे मनातल्या मनात. हजेरी घेताना बंड्याचं नाव पुकारलं की मागच्या बाकावरनं गुंड्या 'हजर' म्हणतो. बंड्या तिकडं ओढ्यात पोहत असतो. मी मान वर करून बघत असे, म्हणून गुंड्या सापडे. कंपनी मान वर करत नाही. चोर आधी आपली जन्मतारीख, खातं, कागद गोळा करतो, मग 'माझं सिम हरवलं' म्हणून आपल्या नावाचं नवं काढतो. त्या क्षणी आपलं जुनं बंद. बँक नाव पुकारते, आणि 'हजर' तिसराच म्हणतो. ज्यानं ट्विटर काढलं, त्या जॅक डॉर्सीचं स्वतःचं ट्विटर खातं ऑगस्ट २०१९ मध्ये असंच त्याचा नंबर पळवून बळकावलं होतं. हे ऐकून मला जरा बरं वाटलं. माणूस मोठा असला की आपली भीती प्रतिष्ठित होते.

"लक्षण काय रे याचं?"

"रेंज अचानक जाते."

आता हे त्यानं टेंभुर्णीत सांगायला नको होतं. आमच्याकडे लाईट गेली की रेंज जाते, वारं सुटलं की रेंज जाते, काही वेळा नुसतं आकाशात बघितलं तरी जाते. त्या रात्री साडेअकराला माझ्या फोनवरच्या चारही काड्या गेल्या. मी गच्चीवर धावलो आणि शेजाऱ्याला हाक मारली, "तुमची रेंज आहे का?" तो झोपेतनं उठून आला. त्याचीही नव्हती. पलीकडच्याला हाक गेली, त्याचीही नव्हती. पंधरा मिनिटांत सगळी आळी गच्चीवर. माझ्या चेहऱ्यावरचा आनंद बघून लोकांना वाटलं, मी रेंज गेल्याच्या खुशीत आहे. खरंच होतो. सगळ्यांची गेली म्हणजे टॉवर गेला, एकट्याची गेली तर घात. ही युक्ती पुतण्यानंच सांगितली होती.

शिवाय खात्याची काळजी होतीच. आम्हा उजनीकाठच्या माणसांना 'मायनस' या शब्दाचं भय नाही. ११७ टीएमसीच्या धरणात ६३ टीएमसी मृतसाठा. धरण मायनसमध्ये गेलं तरी खाली पाणी असतं, पाइप लांबवायचा आणि उपसायचं. बँकेचं खातं मायनसमध्ये गेलं तर खाली गाळसुद्धा नसतो.

दुसऱ्या दिवशी पुतण्यानं माझा फोन घेतला आणि एकेक कुलूप लावत गेला. व्हॉट्सॲपला सहा आकडी पिन. ईमेलला ओटीपीऐवजी एक वेगळं ॲप, दर तीस सेकंदांनी आकडा बदलणारं. तो आकडा मी वाचून होईस्तोवर पुढचा येतो, म्हणून चोरापेक्षा मलाच जास्त धाक. संचार साथीवर बघितलं, माझ्या नावावर किती सिम आहेत. दोनच निघाली, मला उगाच हलकं झाल्यासारखं वाटलं. आधारचे बोटांचे ठसे कुलूपबंद केले. बँकेतल्या गुप्त प्रश्नांची उत्तरं बदलली. आईचं माहेरचं आडनाव काय? अहो, आमच्या गावात हे गुपित? आईच्या माहेरच्यांनी बांधावरून घातलेला दावा चाळीस वर्षं चाललाय, प्रत्येक तारखेला नाव पुकारतात. लाडक्या प्राण्याचं नाव? सर्जा. पोळ्याला त्याच्या पाठीवर मीच ऑइलपेंटनं लिहिलं होतं.

"आणि काही झालंच तर लगेच १९३० ला फोन लावायचा," तो म्हणाला. "लक्षात राहील?"

सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला हे विचारतात? १९३० म्हणजे सोलापूरचा मार्शल लॉ! मी त्याला मल्लप्पा धनशेट्टींपासून चारही हुतात्म्यांची हकीकत सांगितली. तो घड्याळ बघत म्हणाला, तात्या, ठीक आहे, पण फोन लावताना एवढं सगळं सांगत बसू नका. पैसे गेल्यावर तीन कामाच्या दिवसांत बँकेला कळवलं आणि आपली चूक नसली, तर भुर्दंड आपल्यावर नाही असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे. तीन दिवस तुमच्या प्रस्तावनेतच जायचे.

सगळ्यात शेवटी त्यानं सिमलाच पिन लावला. फोन चोरीला गेला तरी सिम दुसऱ्या फोनमध्ये चालू नये म्हणून. "कुणाला सुचणार नाही असा आकडा टाका," म्हणून तो तोंड फिरवून उभा राहिला. मी इतिहासाचा वेडा, तेव्हा १६७४ किंवा १७६१ टाकणार हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक. म्हणून मी कुणालाच सुचणार नाही असा आकडा टाकला. त्यात मीही आलो, हे दोन महिन्यांनी कळलं.

तो पिन फोन बंद करून चालू केल्यावरच मागतो. दोन दिवस लाईट नव्हती, बॅटरी उतरली, फोन बंद पडला. चौकातल्या हॉटेलात चार्जिंगला लावून चालू केला तर पडद्यावर 'पिन टाका'. संधी तीन. पहिल्या दोन माझ्या गेल्या. तिसरीच्या वेळी शेजारी बसलेला निवृत्त पोस्टमन म्हणाला, "पिनच मागतंय न्हवं? मग पिनकोड टाका की, गुरुजी." आणि त्यानं जन्मभराच्या सवयीनं ४१३२११ दाबलंसुद्धा.

आता फोन पीयूके मागू लागला. आठ आकडी. संधी दहा. एव्हाना भोवती आठ-दहा जण जमले होते आणि फोन टेबलाच्या मधोमध गेला होता. कुणी माझी जन्मतारीख टाकली, कुणी गट नंबरापुढे शून्यं लावली. खरं सांगायचं तर सगळा दोष लोकांचा नाही. इतिहासाच्या मास्तराला आठ आकड्यांच्या दहा संधी द्याव्यात आणि त्यानं तारखा घालू नयेत? १५०८१९४७ मी टाकलं. ०६०६१६७४ मी टाकलं. १२०११९३१, हुतात्म्यांच्या फाशीची तारीख, तीही मीच टाकली. त्यावर दोघं-तिघं हळहळले, पण सिम हललं नाही. दहावी संधी चहावाल्यानं घेतली आणि सिम कायमचं मेलं. पीयूके ओळखायचा नसतो, कंपनीला फोन करून विचारायचा असतो, हे पुतण्यानं नंतर सांगितलं. तोवर आम्ही दुसरा चहा संपवला होता.

मोबाइलच्या दुकानातला पोरगा माझ्या विद्यार्थ्याचा मुलगा. पाया पडला.

"गुरुजी, तुमी तुमीच हाय, मला म्हाईत हाय. पण मशिनला पटाय पायजे."

अंगठा ठेवला. उठला नाही. तर्जनी ठेवली, उठली नाही. आयुष्यभर खडू धरून बोटं झिजली म्हणून त्यानं ती ओल्या फडक्यानं पुसली, मग माझ्याच डोक्यावर घासायला लावली. तेलकट बोट बरं उठतं म्हणे. नाही उठलं. तेव्हा मला आठवलं, ठशांना कुलूप लावलंय. कुलूप काढायला साइटवर ओटीपी मागितला. ओटीपी गेला माझ्या नंबरावर. नंबर मेलेला. तो जिवंत करायला अंगठा हवा, अंगठ्याला ओटीपी हवा. चोराला माझं सिम एका खोट्या कागदावर मिळालं असतं. मी सगळी खरी बोटं घेऊन उभा होतो.

पोरगं हुशार. म्हणालं, फोटोवर करू. मतदान कार्ड काढलं. त्यातला माणूस आणि मी यांच्यात वीस वर्षं आणि सगळे केस एवढा फरक. "गुरुजी, डोळं मिचकवा," म्हणून चार वेळा मिचकवून घेतले. बाहेर उभ्या बाईनं पदर सावरला. आता फक्त घरच्या दुसऱ्या नंबरावर आलेला ओटीपी सांगायचा. तो नंबर बायकोचा. मी दुकानाच्या फोनवरून तिला फोन लावला.

"अगं, एक ओटीपी आलाय बघ, सांग."

"कोण बोलतंय?"

"मी."

"मी कोण? ओटीपी कुणाला म्हणजे कुणालाच सांगायचा नाही. हुबेहूब आवाज काढणारे निघालेत आता."

"अगं, मीच आहे!"

"मग माझ्या वाढदिवसाची तारीख सांगा."

दुकानात शांतता पसरली. पोरगं काउंटरखाली काहीतरी शोधू लागलं. मी पानिपतची सांगितली असती, तालिकोटची सांगितली असती. तिनं फोन ठेवला.

मग पोराच्या मोटारसायकलवर मागे बसून घरी गेलो, समक्ष तोंड दाखवलं, तेव्हा ओटीपी मिळाला. कुठल्याही बँकेची एवढी चोख व्यवस्था मी पाहिलेली नाही.

नवं सिम संध्याकाळी लागलं, पण मेसेज येईनात. मी पोरावर चिडलो. त्यानं सांगितलं, सिम बदललं की २४ तास एसएमएस बंद ठेवतात, चोरानं काढलं असलं तर ओटीपी मिळू नये म्हणून. शिवाय सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. हा सात दिवसांचा नियम जुलै २०२४ पासूनचा. मी गप्प बसलो. नेमकं त्याच २४ तासांत उसाचं बिल जमा झालं. मला पत्ता नाही. सकाळी चौकात चहावाला म्हणाला, "अभिनंदन गुरुजी, बिल पडलं!" आणि रक्कम पैशासकट सांगितली.

नव्या सिमला पुन्हा पिन लावला. या वेळी कुणाला सुचणार नाही आणि मलाही विसरता येणार नाही असा आकडा हवा होता. म्हणून बायकोला तारीख विचारून घेतली आणि तीच टाकली. २३०८. तिचा विश्वास बसला नाही. "राहील लक्षात?" म्हणाली आणि घरातला सगळा हिशेब जिथं असतो, त्या कॅलेंडरच्या मागच्या पानावर दुधाच्या खाली ठसठशीत लिहून ठेवली.

एक तारखेला दूधवाला हिशेबाला आला. पान उलटून बोटानं आकडे मोजत खाली आला आणि थांबला. थोडा वेळ विचार करून माझ्याकडे वळला.

"गुरुजी, तेवीसशे आठ साली काय व्हणार हाय?"