निष्ठा फक्त तीन

‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळातील प्लेन्सवॉकर मंडळींचा जाहीर सत्कार एव्हाना व्हायला हवा होता. २००७ साली पत्त्यांवर अवतरलेले हे महामांत्रिक एका विश्वातून दुसऱ्या विश्वात सहज निघून जातात. पासपोर्ट नको, रांग नको.

जेस बेलेरनचेच घ्या. त्याचा २०१०चा ‘माइंड स्कल्प्टर’ अवतार टेबलावर येतो तो तीन निष्ठा घेऊन. आकडा पत्त्याच्या कोपऱ्यातच छापलेला. एवढी पारदर्शकता अन्य सार्वजनिक क्षेत्रांत असती तर! दुसऱ्याच्या गड्डीतले वरचे पान हळूच पाहिले, की निष्ठा दोनने वाढते. त्याची उभी गड्डी गायब करायची, तर बारा खर्चाव्या लागतात. तत्त्व अनुभवाला धरून आहे. शिवाय काम आपल्याच पाळीत, तेही एकच. सर्वशक्तिमान असून कार्यालयीन शिस्त! नियमांत यापुढे तीन प्रतींतला अर्ज आणि जेवणाची सुट्टीही घालावी, ही नम्र सूचना.

राहता राहिली सुरक्षा. समोरून एकेक बळाचे तीन गॉब्लिन आले आणि त्यांना अडवायला कोणी नसले, की साहेबांची निष्ठा शून्य आणि रवानगी थेट स्मशानात. हे गॉब्लिन म्हणजे पुष्कळदा खेळणाऱ्याच्या खिशातली चिल्लर.

तरीही जेसचा दरारा असा, की अनंत विश्वे मोकळी असलेल्या या गृहस्थाला २०११ साली स्टँडर्ड स्पर्धांच्या टेबलावर मात्र बंदी झाली.